वेड्या गुलाबाची डोळकाडी

सकाळी सहाला चाकूला धार लावून, ओलं फडकं बादलीत टाकून मी मागच्या वाफ्याकडे गेले, तर वाफ्यात काड्या उभ्या. नुसत्या काड्या. काल संध्याकाळपर्यंत तिथे हातभर लांब, पेन्सिलीच्या जाडीच्या, फूल नुकतंच गळलेल्या फांद्या होत्या. आता गुडघ्याएवढी खोडं उरली होती आणि त्यांची टोकं चिंधी फाडावी तशी फाटलेली होती. चाकूने कापलेली फांदी साफ तुटते. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, ते फांदी तोंडात धरून ओढतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढच्या आठवड्यात हरणांबद्दल इतकं कळलं, की ती माहिती मिळवायची वेळ आली नसती तर बरं झालं असतं.

चाळीस झाडं होती त्या वाफ्यात, चाळीसही खाल्लेली.

मी कुणाला हाक मारली नाही. बादली खाली ठेवली आणि वाफ्याच्या कडेला बसले. एरवी माझं तोंड घरात सगळ्यात आधी उठतं, म्हणून असेल, पण आवाज येत नाही म्हटल्यावर आमचे हे पाण्याची नळी तशीच वाहती टाकून बघायला आले.

"किती राहिली?"

"मोजायला काही ठेवलंय का त्यांनी?"

"नवीन फुटेल."

"फुटेल. फुटून पिकायला दीड महिना जाईल. खुंटाची साल सुटलेली राहणार तीन आठवडे. तुम्हीच सांगा काय करायचं ते."

पुढच्या मांडवात पिशव्यांमध्ये सहाशे खुंट उभे होते. खुंट म्हणजे रानगुलाबाची रोपं, दोन वर्षं वाढवलेली. त्यांच्या सालीत चीर द्यायची, त्यात चांगल्या गुलाबाचा एकेक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, बसवायचा आणि पट्टी बांधायची, की रानगुलाबाच्या मुळांवर आपला गुलाब वाढतो. पण साल आतल्या लाकडापासून अलगद सुटायला हवी, आणि ती सुटते वर्षातून त्या तीन आठवड्यांतच. एरवी चाकू लावला तर साल फाटते नि डोळा मरतो. आणि ज्या फांदीवरून डोळे घ्यायचे ती, आम्ही तिला डोळकाडी म्हणतो, ती हरणांच्या पोटात गेली होती.

दुसरा कुठला गुलाब असता तर शेजारच्या गावातून विकत आणला असता. हा सासूबाईंनी बी लावून काढलेला. विटकरी रंगावर आतून पिवळा, आणि ऋतू-बितू न बघता बाराही महिने फुलणारा, म्हणून त्याला वेडा म्हणायचे. सासूबाई गेल्या, नाव राहिलं. नव्या दवाखान्याच्या बागेला हाच हवा होता, सहाशे झाडं. झाडं वेळेवर दिली तर त्या बागेची निगराणीही आमच्याकडेच येणार होती. नाही दिली, तर आमचे हे शहरातल्या शीतगृहात कामाला जाणार, महिन्यातून एकदा घरी येणार, आणि ही रोपवाटिका म्हणजे मी आणि एक म्हातारा.

"शीतगृहवाल्याला मी अजून हो म्हटलेलं नाही," हे म्हणाले. म्हणजे त्या क्षणी ह्यांच्या मनात तेच आलं होतं.

तेवढ्यात मामंजी आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे माझे सासरे. हात थरथरतात म्हणून खुंटात डोळे भरायचं काम सुटलं, पण छाटणी, पाणी, पिशव्या भरणं सगळं तेच करतात. ते वाफ्यातून वाकून वाकून चालले, प्रत्येक खोडाला बोट लावलं, मग मातीकडे बघत म्हणाले, "दोन माद्या. एक नर. नर मोठा आहे."

"पानसुपारी द्यायची राहिली का त्यांना?" मी म्हटलं. "कुंपणाकडे लक्ष कुणाचं असतं? सकाळी फेरी कोण मारतं?"

"मी मारतो."

"मग?"

"कुंपण शाबूत आहे," ते म्हणाले. आणि खरंच होतं. सात फूट उंच जाळी, कुठे फाटलेली नाही की वाकलेली नाही. मी दोनदा फिरून बघितली. त्या दिवशी मी ह्यांना बोलले, मामंजींना बोलले, पाणी सोडायला येणाऱ्या माणसाला बोलले आणि शाळेत निघालेल्या मुलीला फाटक नीट लावत नाहीस म्हणून बोलले. फाटकाला कुलूप होतं.

हरणांवर उपाय प्रत्येकाकडे असतो. किराणावाला म्हणाला, वासाचा साबण झाडांना टांगा. दूधवाल्याने कुजकी अंडी पाण्यात कालवून फवारायला सांगितली. ह्यांचा मित्र म्हणाला, माणसाचे केस टाका, माणसाच्या वासाला जनावर भितं. साबण आणले, कुजकी अंडीही शोधून आणून फवारली. केसांसाठी मी सलूनमध्ये गेले.

तिघं जण खुर्च्यांवर, दोघं बाकावर. सलूनवाला एकाच्या मानेवर मशीन फिरवत होता.

"केस हवे होते," मी म्हटलं.

"कुणाचे?"

"असतील त्यांचे. हरणांसाठी."

"हरणांना टक्कल पडलंय का?"

सगळे हसले. तोंडाला फेस लावलेला माणूसही हसला आणि सलूनवाल्याला हात थांबवावा लागला. "घ्या की," तो म्हणाला, "झाडू तिथे कोपऱ्यात आहे." मग मी त्यांच्या खुर्च्यांखालून, त्यांना पाय उचलायला लावून, काळे-पांढरे केस झाडून पोतं भरलं. बाकावरचा एक जण पाय उचलताना म्हणाला, "वहिनी, आमच्या डोक्याला हरणं घाबरली तर कळवा. बायको तर घाबरत नाही." मी पण हसले. न हसून काय करणार. पोतं खांद्यावर टाकून बाहेर आले तेव्हा कान गरम झाले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे हरणं पुन्हा आली. जास्वंदीचे शेंडे खाल्ले, दारातल्या वेलीची पानं खाल्ली. एका जास्वंदीला टांगलेल्या साबणाभोवतालची सगळी पानं साफ करून साबण तेवढा ठेवला होता. वाफ्यात पसरलेल्या केसांवर लेंड्या पडल्या होत्या. मी हात टेकले आणि ह्यांना म्हटलं, वनखात्याच्या माणसाला बोलवा.

तो दुपारी आला, उन्हातून, मोटारसायकलवरून. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. आतून कुंपण बघितलंच नाही त्याने. बाहेरून फिरायला निघाला, आम्ही तिघं मागे. मी पाण्याचा तांब्या घेऊन. मागच्या बाजूला, जिथे टेकडी उतरते, तिथे थांबला.

"हे काय आहे?"

"छाटणीचा पाला," हे म्हणाले. "काड्या, काटे, गुलाबाचं सगळं. आम्ही पलीकडे टाकतो."

वर्षानुवर्षं टाकलेला तो पाला खाली कुजून माती झाला होता आणि वर नवा पडत गेला होता. जाळीला लागून उतरता ढीग. आम्ही आतून बघत होतो, आतून जाळीपलीकडे नुसती हिरवळ दिसायची. तो माणूस त्या ढिगावर हात न लावता चढला, चार-पाच पावलांत. वर उभा राहिला तेव्हा जाळीची वरची तार त्याच्या गुडघ्याला लागत होती.

"जिना बांधून दिलाय तुम्ही," तो म्हणाला. "आणि जिना पण खायचा. गुलाबाची चव लावायची, खात खात वर आणायचं, मग आत ताजा वाढून ठेवायचा."

"बाहेर कशी जातात मग?" ह्यांनी विचारलं. "आत तर ढीग नाही."

"घाबरलं की हरीण सात फूट सहज उडतं. आत यायला कुणी घाबरून येत नाही. त्यासाठी जिनाच लागतो." तो खाली उतरला, पँटीला लागलेले काटे काढत बसला. "टाकतं कोण इथे?"

ढिगाच्या वरच्या थरावर परवाच्या छाटणीची पानं अजून सुकलेली नव्हती.

"मी," मामंजी म्हणाले. "नऊ वर्षं झाली."

आता इथे मला सांगायला हवं, की नऊ वर्षांपूर्वी काय झालं होतं. मुलगी दोन वर्षांची होती. अंगणात खेळताना तिच्या पायाच्या तळव्यात गुलाबाचा काटा मोडला, पिकला, डॉक्टरांनी चीर दिली, तीन दिवस ती तापाने फणफणत होती. चौथ्या दिवशी मी मामंजींना म्हटलं, उद्यापासून छाटणीची एक काडी कुंपणाच्या आत दिसता कामा नये, पलीकडे फेका. ते म्हणाले, पलीकडे टाकलं तर जनावराला चटक लागेल, मी खड्डा खणतो, त्यात पुरत जाऊ. मी म्हटलं, तुमचा खड्डा खणून होईपर्यंत पोरीचा दुसरा पाय जाईल. दुसऱ्या दिवसापासून टोपली भरून पलीकडे टाकायला लागले. तेव्हा हे बाजारात होते, आमचं हे बोलणं ह्यांना माहीत नव्हतं. आम्हा दोघांनाच माहीत होतं.

मामंजींनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तांब्या धरून उभी होते.

आमचे हे आवाज चढवणारे नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं. "बाबा," हे म्हणाले, "बास आता. उद्यापासून तुम्ही बागेत यायचं नाही. कात्री नाही, टोपली नाही, काही नाही. घरात बसा. तुमच्या हातून आता होत नाही." वनखात्याच्या माणसाने मान वळवून टेकडीकडे बघितलं. मामंजी "बरं" म्हणाले, मानेवरचा पंचा झटकला आणि फाटकाकडे चालायला लागले. त्या क्षणी बोलायला हवं होतं. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण दोन दिवस मी सगळ्या जगाला झाडत होते, आता कुठल्या तोंडाने सांगणार, की जिना माझाच आहे. मी त्या माणसाला पाणी दिलं.

तीन दिवस मामंजी दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे तोंड करून बसले. बागेकडे पाठ. येणारे-जाणारे विचारायचे, "आज कामाला नाही?" ते म्हणायचे, "सुट्टी." चहा दिला तर प्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. जेवताना ताटावरून वर बघायचे नाहीत. माझ्यावर राग दाखवला असता तर मी चार शब्द उलट बोलून मोकळी झाले असते. ते माझ्याशी पूर्वीसारखंच बोलत होते. "मीठ दे गं." "पोरीला उठव, उशीर होईल."

हे मागच्या बाजूला तो ढीग उपसत होते. दाताळं मारायचं, काट्यांचा गठ्ठा सोडवायचा, खेचून लांब खड्ड्यात नेऊन टाकायचा. वरचा पाला कोरडा होता, पण खाली नऊ वर्षांची काटेरी गुंतवळ, सुटता सुटेना. संध्याकाळी घरी आले की दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले. मी हळद लावून द्यायचे.

आणि दिवस चालले होते. एकवीस दिवसांतले सहा गेले. डोळकाडी कुठून आणायची, याचा एकच रस्ता होता. आम्ही आजवर जिथे जिथे वेडा विकला होता, तिथे जाऊन हात पसरायचा. आठवून आठवून मी निघाले.

पहिलं घर निवृत्त मास्तरांचं, टेकडीच्या पायथ्याशी. त्यांनी दारातच मला थांबवलं. "तुम्ही मागायला आलात? मी तुमच्याकडे विचारायला येणार होतो, त्याला फूल का येत नाही." मी बघितलं. वेडा होता, पण कातरलेला, आमच्यासारखाच. "हे हरणांनी खाल्लंय," मी म्हटलं. मास्तर म्हणाले, "मला वाटलं बायकोने छाटलं." दोन महिने ते बायकोवर रुसून होते. तिने आतून सगळं ऐकलं असावं, कारण भांडी जोरात आपटल्याचा आवाज आला आणि मास्तर मला न विचारताच फाटक लावून आत गेले.

दुसऱ्या घरात बागच नव्हती. पांढरी खडी पसरून त्यावर दोन कुंड्या ठेवल्या होत्या, प्लास्टिकच्या झाडांच्या. बाई म्हणाल्या, "ह्याला पाणी लागत नाही." मी म्हटलं, "हरणंही लागत नाहीत."

तिसरी लाँड्री. बाजाराच्या मागे, चारी बाजूंनी भिंत, मध्ये फरशीचं अंगण, दोऱ्यांवर चादरी. इस्त्रीच्या वाफेचा वास. आणि उन्हाच्या भिंतीला टेकून, माझ्या डोक्यापेक्षा उंच, वेडा. वरपासून खालपर्यंत फुललेला. अर्ध्याअधिक फांद्यांची फुलं नुकतीच गळालेली, म्हणजे डोळे भरलेले, टपोरे, हव्या त्या वेळेचे. शंभर काड्या तरी निघाल्या असत्या.

लाँड्रीवाल्या बाई चादर घडी करत होत्या. मी सगळं सांगितलं. हरणं, सहाशे खुंट, दवाखाना, ह्यांची नोकरी. ढीग सांगितला नाही.

"काड्या घेतल्यावर झाडाचं काय होईल?" त्यांनी विचारलं.

"बोडकं होईल. दोन महिन्यांत पुन्हा फुटेल."

"तू कापणार?"

"हो. मीच डोळे भरते."

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना पाठव. बारा वर्षांपूर्वी त्यांनीच लावून दिलंय. दरवर्षी येऊन छाटून जातात, पैसे घेत नाहीत, एक चहा घेतात. त्यांच्याशिवाय ह्याला कुणाचा चाकू लागलेला नाही. ते आले तर हवं तेवढं न्या. मी मोजणारसुद्धा नाही."

मामंजी दरवर्षी इथे येतात हे मला माहीत नव्हतं. बाजारात गेलो होतो म्हणायचे.

घरी आले तेव्हा ते खुर्चीतच होते. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. लाँड्री म्हटल्यावर त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं.

"फुललाय का?"

"वरपर्यंत."

"ह्या वर्षी खालच्या फांद्या जास्त ठेवल्या होत्या मी." मग ते पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. "पण मला बंदी आहे."

"बागेत बंदी आहे. लाँड्रीत नाही."

"गुलाब असेल ती बाग," ते म्हणाले. "ज्याने बसवलं त्याने उठवावं. तुझा राग नाही माझ्यावर, माझा नाही तुझ्यावर. पण पोराने चारचौघांत सांगितलंय, होत नाही म्हणून. नाही होत तर नाही होत."

मी मागच्या बाजूला गेले. हे ढिगावर उभे होते, आता तो कमरेइतका उरला होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, डोळकाडी मिळाली, पण मामंजींना पाठवायला लागेल.

"त्यांना नको," हे म्हणाले. "चाळीस झाडं एकदा गेली त्यांच्या पायी. तिथे जाऊन थरथरत्या हाताने झाड फाडून ठेवतील. बाईंना सांग, मी येतो."

"त्या नाही म्हणाल्या."

"मग राहू दे. शीतगृहवाला परवा विचारणार आहे, मी सांगतो त्याला."

हे पुन्हा दाताळं मारायला वाकले. मी बघत उभी राहिले. हातांवरचे माझेच हळदीचे डाग. आणि मग मी सांगितलं. काटा, चीर, ताप, खड्डा, पोरीचा दुसरा पाय. माझे शब्द जसे होते तसे. मामंजींचेही.

ह्यांनी दाताळं ढिगात खुपसलं आणि सरळ उभे राहिले.

"म्हणजे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"हो."

"आणि मी इथे बोलत होतो तेव्हा तू काय करत होतीस?"

"तांब्या धरून उभी होते."

एक काटा तळव्यात रुतला होता, तो दातांनी काढून ह्यांनी थुंकला. "ते का नाही बोलले?"

"परक्या माणसासमोर सुनेला उघडं पाडायचं नसेल."

"आणि तू त्यांना पाडलंस." हे ओरडले नाहीत. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही. हे तिथेच काट्यांत बसायला गेले, बसवेना, म्हणून उठले आणि चालायला लागले. मी मागोमाग.

खुर्चीसमोर जाऊन उभे राहिले. "बाबा, चला."

"कुठे?"

"लाँड्रीत. आणि तिथून बागेत." हे अडखळले. "तुमची चूक नव्हती."

मामंजींनी आधी माझ्याकडे बघितलं, माझ्या डोळ्यांकडे, मग ह्यांच्याकडे. "नव्हती असं नाही," ते म्हणाले. "टाकणारे हात माझेच होते. काटा माझ्याही नातीलाच लागला होता." गुडघ्यांवर हात ठेवून उठले. "ओलं फडकं घ्या. आणि सावलीतून आणायचं, उन्हातून नाही."

लाँड्रीत त्यांनी घाई केली नाही. आधी झाडाभोवती दोनदा फिरले. बाईंनी स्टूल आणून दिलं, त्यावर चढू नका म्हणत म्हणत हे ते धरून उभे राहिले. हात थरथरत होताच. पण चाकू फांदीला टेकला की थरथर थांबायची, कापून झालं की पुन्हा सुरू व्हायची. हे बघत होते, मी ह्यांना बघत होते. सत्तर काड्या काढल्या. खालची चार फुलं ठेवली. "ही तुमच्यासाठी," ते बाईंना म्हणाले. बाई बोडक्या झाडाकडे बघून, "बापरे, काय करून ठेवलंत," एवढंच म्हणाल्या आणि चहा आणायला गेल्या.

पुढचे पाच दिवस आम्ही तिघं मांडवात. मामंजी काड्यांची पानं उतरवायचे, प्रत्येक पानाचा देठ पेराएवढा ठेवून. त्याच देठाला धरून डोळा उचलायचा. मी खुंटाला चीर द्यायचे, साल उचलायचे, डोळा आत सरकवायचे. हे पट्टी बांधायचे. जमिनीपासून चार बोटांवर काम, म्हणजे दिवसभर कमरेत वाकून. दुसऱ्या दिवशी मला उठता येईना, ह्यांनी काखेत हात घालून उभं केलं. अंगठ्याला चिकाने काळं झालं ते साबणाने जाईना. चौथ्या दिवशी गरम वारा सुटला, तेव्हा खुंटांवर ओली पोती टाकली आणि दर तासाला भिजवली. साल अजून सुटत होती, पण पहिल्या दिवसासारखी नाही. शेवटच्या दोन रांगांना चाकूची पाठ जरा जोर लावून सरकवावी लागली. मामंजी नुसती मान डोलवायचे.

हरणं एकदा आली. सकाळी त्यांच्या खुरांचे ठसे कुंपणाबाहेर होते. आत नव्हते.

बारा दिवस गेले. डोळा लागला की नाही हे बघायची एक रीत आहे. तो पेराएवढा देठ बोटाने नुसता हलवायचा. लागलेल्या डोळ्याचा देठ पिवळा पडून हात लागताच गळतो. मेलेल्याचा सुकून चिकटून राहतो, ओढला तरी येत नाही. पहिल्या रांगेशी आम्ही तिघं उकिडवे बसलो. आमच्या ह्यांनी शीतगृहवाल्याला आज कळवतो म्हणून सांगितलं होतं.

"तू बघ," मामंजी मला म्हणाले.

मी बोट लावलं. देठ पडला. दुसरा पडला. तिसरा चिकटून राहिला. चौथा, पाचवा, सहावा पडला. रांगेच्या शेवटी पन्नासातले सेहेचाळीस. आम्ही सगळ्या रांगा केल्या. शेवटच्या दोन निम्म्या गेल्या, बाकीच्या उभ्या होत्या. पाचशे आठ. दवाखान्याला सहाशे हवे होते. हे बाहेर जाऊन फोनवर बोलून आले. दवाखान्याच्या बागेचा माणूस म्हणाला, उरलेले पुढच्या वर्षी चालतील. मग ह्यांनी शीतगृहवाल्याला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. तेवढंच सांगितलं.

डोळा लागला की त्याच्यावरचा खुंट छाटून टाकावा लागतो. मामंजींनी कात्री घेतली. संध्याकाळपर्यंत मांडवात दोन टोपल्या भरून काटेरी काड्या जमल्या. ते टोपली उचलून माझ्यासमोर उभे राहिले.

"हे कुठे टाकू?"

टोमणा नव्हता तो. नऊ वर्षं मी सांगितलं तिथे ते टाकत आले होते, आता पुन्हा विचारत होते. टोमणा असता तर सोसला असता.

"तुम्ही सांगा, मामंजी," मी म्हटलं.

त्यांनी टोपली खाली ठेवली, बागेत नजर फिरवली आणि चिंचेच्या सावलीपलीकडची मोकळी जागा दाखवली. "तिथे खड्डा. कमरेइतका. वर माती लोटत जायची."

हे फावडं आणायला निघाले. मी म्हटलं, "मी आणते," आणि आणलं, आणि खणायला लागले. माती कडक होती. हे दोनदा हात पुढे करून मागे झाले. मामंजी काठावर उभे होते. खड्डा माझ्या गुडघ्यापर्यंत आला तेव्हा मी थांबून त्यांच्याकडे बघितलं.

"अजून," ते म्हणाले.